हाडु

वडगावात दुपारी सव्वातीनला लाईन जाते.
आधी आमचे चार माग थांबतात, मग शेजारचे सहा,
मग गल्लीपल्याडचे,
पंगत उठावी तसे.
कानात खटखट चालूच राहते थोडा वेळ,
ती विरली की ऐकू येतं
शिद्राय जॉबरचं शीळ घालणं.

तीन ओळी. चौथी नाही.
तिसरी वर चढते, आणि
जिन्याला पुढची पायरीच नसावी
तसा तो थांबतो, पाना पुसतो,
पुन्हा पहिल्यापासून.

अकरा वर्षं ऐकूलोय मी.

परवा मालकांच्या पोरीनं माझ्या मोबाईलात एक अॅप टाकून दिलं.
कसलंही गाणं असू दे, समोर धर म्हणाली,
दहा सेकंदांत नाव सांगतं,
कुणी म्हटलं, कुठल्या साली, सगळं.
मी ताण्याखालून हात लांब करून
शिद्रायच्या तोंडाजवळ फोन धरला.
"काय करूलास बे?"
"तू वाजव."
आणि तो लाजला. छप्पन्न वर्षांचा माणूस,
ओठ सुकले त्याचे, नुसती हवा.
चार वेळा थुंकी गिळून मग कुठं सूर लागला.

निळं वर्तुळ फुगत होतं, बसत होतं,
बेडकाच्या गळ्यागत.
ऐकत आहे.
अजून ऐकत आहे.
काही सापडलं नाही. भाषा निवडा.
खाली दोन बटणं: मराठी. कन्नड.

आता हे बटण आमच्याकडं कोण दाबणार?
इथं दुकानाची पाटी रंगवायला आलेला पेंटर
ब्रशच्या आधी टेप काढतो,
कुठलं अक्षर किती इंच ते बघायला.
म्हणून विचारलं, शिद्राय, शब्द कुठले होते?

"शब्द कुठं ऐकू आले," तो म्हणाला.
हुक्केरीच्या फाट्यावर बसची वाट बघत उभा होता,
शाळा सोडल्याचा दाखला खिशात,
एक टेम्पो गेला कर्णा लावून.
लग्नाचा असंल, सर्कशीचा असंल.
वारा उलटा होता.
तीन ओळी त्याच्या वाट्याला आल्या,
उरलेलं गाणं संकेश्वराकडं गेलं.

"हाडु छलो इत्तु," एवढं म्हणाला.
त्याच्या भाषेत गाणं म्हणजे हाडु.
आम्ही हाड म्हणतो कुत्र्याला हाकलताना,
आणि तिसऱ्या दिवशी राखेतून वेचतो ती हाडं.
लहानपणी मला वाटायचं
कानडी माणसाचं गाणं
मांसाच्या खाली असतं.
अजून वाटतं, कधी कधी.

दोन्ही बटणं दाबून बघितली.
मराठीत सापडलं नाही.
कन्नडमध्येही सापडलं नाही.
एवढ्या बाबतीत तरी दोघांचं जमलं.

फोन तसाच खिडकीत राहिला.
चारला पाच कमी असताना लाईन आली,
धोटा इकडून तिकडं, तिकडून इकडं,
फरशी हलायला लागली,
आणि फोन थरथरला: सापडलं!
इंग्रजी नाव. काळा चष्मा लावलेला गोरा पोरगा,
एकवीस कोटी वेळा ऐकलंय म्हणे लोकांनी.
ओरडून दाखवलं शिद्रायला.
त्यानं स्वतःचा चष्मा कपाळावर नेला,
नीट बघितलं, कान दिला,
मग तिसऱ्या मागाकडं बोट केलं:
"त्या पोराला सांग, पिकर झिजलाय त्याचा."

यादीत आता ते गाणं नऊ वेळा आहे,
तारखेसकट, वेळेसकट.
शिद्रायच्या तीन ओळी कुठंच नाहीत.

काल लाईन गेली तेव्हा तो चहाला गेलेला.
मी तुटलेले धागे सांधत बसलेलो,
आणि माझ्याच ओठांवर पहिली आली,
दुसरी, तिसरी,
हात गुंतलेले होते म्हणून असेल,
मी थांबायचं विसरलो.
चौथी खाली उतरली
मला न विचारता.

दारात शिद्राय, हातात कपबशी.
बराच वेळ काही बोलला नाही.
मग म्हणाला, "हां. हेच होतं."

खोटं बोलला असंल.
बशीत अर्धा चहा ओतून
त्यानं माझ्यापुढं सरकवला.
"पुन्हा वाजव."

मी ओठ गोल केले.
तेवढ्यात लाईन आली.